पुण्यातून जर्मनीत नोकरीला जाताना: ब्लू कार्डची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

ऑफर लेटर हातात पडलं की पहिला प्रश्न येतो, "व्हिसाला किती दिवस लागतात?" त्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमचा पगार कोण देणार, जर्मनीतली कंपनी की पुण्यातलीच? परवान्याचा प्रकार, पीएफचं काय होणार, तिकडे नोकरी बदलता येईल का, या सगळ्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

हिंजवडीतली किंवा चाकणची कंपनी तुम्हाला आपल्याच समूहाच्या जर्मन शाखेत पाठवत असेल आणि करार इथलाच राहणार असेल, तर तुम्हाला आयसीटी कार्ड, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना, लागतं. त्यासाठी त्या कंपनीत किमान ६ महिने सलग नोकरी झालेली हवी. मॅनेजर आणि स्पेशालिस्ट मंडळींना ते जास्तीत जास्त ३ वर्षांचं मिळतं. हे कार्ड कंपनीशी बांधलेलं असतं, म्हणजे तिथे गेल्यावर दुसरीकडे चांगली संधी दिसली तर याच कार्डावर उडी मारता येत नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेतलं की साधारणपणे ४८ महिन्यांपर्यंत पीएफ इथेच चालू राहतो आणि जर्मनीत पेन्शनची कपात होत नाही. हे सर्टिफिकेट कंपनीमार्फत निघतं. निघण्यापूर्वी एचआरकडून ते हातात घ्या. विमान पकडल्यावर त्याचा पाठपुरावा करणं फार कठीण जातं.

थेट जर्मन कंपनीशी करार असेल आणि पदवी असेल, तर ब्लू कार्ड, म्हणजे पात्र परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा युरोपीय संघाचा राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना, हा सगळ्यांत चांगला मार्ग आहे. पुढचं सगळं मुख्यतः त्याबद्दल.

पात्रता आणि पगाराचा हिशेब

अटी तीन: मान्य पदवी, त्या पदवीला साजेशी, किमान ६ महिन्यांच्या कराराची नोकरी आणि ठरलेल्या मर्यादेइतका पगार. ही मर्यादा दर जानेवारीत बदलते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७०० युरो आहे. इंजिनिअर, आयटी, डॉक्टर अशा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांसाठी आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्या नव्या पदवीधरांसाठी ती कमी आहे: २०२५ मध्ये ४३,७५९.८० आणि २०२६ मध्ये ४५,९३४.२० युरो. या कमी मर्यादेखाली अर्ज केला तर जर्मनीच्या रोजगार संस्थेची संमती लागते. ती व्हिसा अधिकारी आपणहून मागवतात, तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागत नाही.

इथे आपल्या सीटीसीच्या सवयीने घोळ होतो. पुण्यात पॅकेज म्हणजे पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल असं सगळं मिळून. जर्मनीत बघतात तो करारात लिहिलेला वार्षिक ब्रुटो, म्हणजे कर आणि कपातीआधीचा, पगार. ज्या बोनसची करारात हमी आहे तो धरला जातो, कामगिरीवर अवलंबून असलेला धरला जात नाही. करारातला आकडा मर्यादेच्या जेमतेम खाली असेल, तर सहीआधीच कंपनीशी बोला. बहुतेकदा व्हेरिएबलचा थोडा भाग मूळ पगारात घेऊन प्रश्न सुटतो.

आयटीत पदवी नसलेल्यांनाही दार उघडं आहे. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा आयटी अनुभव असेल, तर कमी मर्यादेच्या पगारावर ब्लू कार्ड मिळू शकतं. ही सवलत नोव्हेंबर २०२३ पासूनची आहे. बारावीनंतर थेट कामाला लागलेल्या चांगल्या डेव्हलपर मुलांपर्यंत ती अजून पोचलेली दिसत नाही, याचं वाईट वाटतं. अशा अर्जात अनुभवपत्रांवरच सगळी मदार असते. 'सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम केले' एवढ्या एका ओळीचं पत्र पुरत नाही. कोणत्या प्रणालीवर, कोणती जबाबदारी, कधीपासून कधीपर्यंत हे लिहून घ्या.

आयटीबाहेरच्या क्षेत्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा किंवा आयटीआय असेल तर ब्लू कार्ड नाही, पण इतर मार्ग आहेत. त्यात प्रशिक्षणाची मान्यता, किंवा दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेला पगार अशा अटी येतात. नर्स आणि डॉक्टर यांना जर्मनीतला व्यवसायाचा परवाना आणि भाषेचा दाखला लागतोच.

पदवी: अनाबिनवर काय शोधायचं

अर्ज अडतात ते बहुतेक इथे, आणि हे काम ऑफर येण्याची वाट न बघता आजही करता येतं. जर्मन सरकारचा अनाबिन नावाचा डेटाबेस सगळ्यांना मोफत खुला आहे. त्यात दोन गोष्टी तपासायच्या: विद्यापीठाला 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) दर्जा आहे का, आणि तुमची पदवी जर्मन पदवीच्या बरोबरीची म्हणून नोंदलेली आहे का. दोन्ही पानांची प्रिंट अर्जाला जोडायची.

शोधायचं ते पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव, कॉलेजचं नाही. सीओईपीचंच उदाहरण घ्या. ते स्वतंत्र विद्यापीठ झालं २०२२ मध्ये. त्याआधीच्या बऱ्याच पिढ्यांची पदवी पुणे विद्यापीठाची आहे, तर शोध त्या नावाने करायचा. पुणे विद्यापीठाचंही २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. त्यामुळे २०१० च्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आजचं नाव जुळत नाही म्हणून घाबरू नका, संस्था तीच आहे.

विद्यापीठ किंवा पदवी डेटाबेसमध्ये सापडली नाही, किंवा दर्जा संदिग्ध असेल, तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन संस्थेकडून पदवीच्या तुलनेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याची फी २०८ युरो. त्याला मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं, आणि आपल्याकडे खूप जणांकडे ते नसतंच! कॅम्पसमधून नोकरी लागली, प्रोव्हिजनल आणि मार्कशीटवर दहा वर्षं निघाली, पदवीदान समारंभाचा अर्ज राहूनच गेला. तुमचं तसं असेल तर आज विद्यापीठाकडे पदवीसाठी अर्ज करा. बाकीची कागदपत्रं गोळा होईपर्यंत ती हातात येईल.

नावातला फरक

पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव, बहुतेकदा वडिलांच्या नावासकट. कोणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव आलं, पदवी माहेरच्या नावाची. आपल्याला हे इतकं सवयीचं आहे की त्यात काही खटकत नाही, पण तिकडच्या अधिकाऱ्यापुढे ही दोन वेगळी माणसं असतात.

लग्नामुळे नाव बदललं असेल तर महापालिकेतलं किंवा निबंधकाकडचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. मंगल कार्यालयाची पावती किंवा गुरुजींनी दिलेला दाखला चालत नाही. इतर कारणाने बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद जोडा. नुसता क्रम वेगळा असेल तर बायोडेटा, करार आणि अर्ज या तिन्हींवर नाव अगदी पासपोर्टप्रमाणेच लिहा. करार जर्मन कंपनी बनवते, तेव्हा तिला पासपोर्टचं पहिलं पान आधीच पाठवून ठेवा.

अपोस्टिलवर पैसे घालवू नका

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे एजंट सरसकट प्रत्येक प्रमाणपत्रावर अपोस्टिल करायला सांगतात. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, म्हणून भारतीय अपोस्टिल जर्मनीत ग्राह्य धरलं जात नाही. एखाद्या कागदाची शंका आली तर जर्मन दूतावास स्वतः पडताळणी करून घेतो. दुसऱ्या देशात जाणार असाल तर तिथला नियम बघा. जर्मनीसाठी हा खर्च वाचवा.

अर्ज

पुणे जिल्हा मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. जानेवारी २०२५ पासून जर्मनीच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरता येतो आणि कागदपत्रं अपलोड करता येतात. मूळ कागद आणि बोटांचे ठसे यांसाठी एकदा प्रत्यक्ष जावंच लागतं. फी ७५ युरो, रुपयांत.

जोडायचे कागद: दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, कंपनीने भरलेला 'नोकरीसंबंधी घोषणापत्र' हा सरकारी फॉर्म, पदवी आणि मार्कशीट, अनाबिनच्या प्रिंट किंवा झेडएबीचं प्रमाणपत्र, बायोडेटा आणि पोचल्या दिवसापासूनचा आरोग्य विमा. कामावर रुजू झाल्यावर तिथला सक्तीचा विमा सुरू होतो, पण मधले दिवस मोकळे राहता कामा नयेत. घोषणापत्रातलं पद, पगार आणि तास करारातल्याशी तंतोतंत जुळवून घ्या.

घाई असेल तर कंपनी तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रिया सुरू करू शकते. त्याची फी ४११ युरो, आणि तो अर्ज कंपनीनेच करायचा असतो. पूर्वसंमती आली की भेटीची वेळ तीन आठवड्यांत मिळते आणि निर्णय साधारण पुढच्या तीन आठवड्यांत.

पोचल्यावर, आणि नकार आला तर

हातात येतो तो प्रवेशाचा व्हिसा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. मग परदेशी नागरिक कार्यालयातून प्रत्यक्ष ब्लू कार्ड. पहिले १२ महिने नोकरी बदलली तर त्या कार्यालयाला कळवावं लागतं. २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन भाषेची ए१ ही प्राथमिक परीक्षा द्यावी लागत नाही आणि नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून असते, म्हणून दोघांचे अर्ज बरोबर करणं उत्तम.

नकार आला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती करता येत असे. ती सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावायचा किंवा नव्याने अर्ज करायचा. कारण कागदाची उणीव असेल, तर ती भरून नव्याने केलेला अर्ज स्वस्त पडतो आणि लवकरही होतो. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं. नवीन अर्जाच्या पहिल्याच पानावर त्या कारणाचं उत्तर द्या आणि त्याचा पुरावा लगेच मागे जोडा.