पडीक जमीन खरंच रिकामी असते का?

'जागा पडीक आहे, एक झाड नाही, मग तिथे घरं बांधली तर निसर्गाचं काय बिघडणार?' हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. उघडा माळ पाहून असं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही.

टिटवी आणि चंडोल यांना घरट्यासाठी झाड लागतच नाही. ते उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची अंडी तर खड्यांसारखी दिसतात, पायाशी असली तरी कळत नाहीत. अनेक गवतं आणि कंद पावसाळ्यापुरते वर येतात, एरवी जमिनीखाली असतात. म्हणूनच भर उन्हाळ्यात एका दुपारी केलेली पाहणी मला अपुरी वाटते. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल हाती आला, तर आधी पाहणीच्या तारखा बघा: किती ऋतू, किती दिवस, पहाटे आणि संध्याकाळी कोणी गेलं होतं का?

पाण्याचा हिशोब तर घरबसल्या करता येतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १ हेक्टरवर ५० मिलिमीटर पडला, तर ५ लाख लिटर. मोकळी माती त्यातलं बरंच मुरवते. छपरं आणि काँक्रीट ते जवळजवळ सगळं उताराकडे ढकलतात. ते पाणी कुठे जाणार, याचं उत्तर अहवालात आकड्यांत असायला हवं.

जुनी उपग्रहचित्रंही बघा. पावसाळ्यातल्या चित्रात तिथे ओढा किंवा डबकं दिसू शकतं.