ट्रॅक सायकलची फ्रेम : धातूचं नाव नंतर, आधी पाईपचा व्यास बघा

ट्रॅक सायकलिंग सुरू करायचं म्हणणाऱ्या पोरापोरींना एक सल्ला हमखास मिळतो, की कार्बन फायबरची फ्रेम परवडत नसेल तर थांब, पैसे साठव, कारण स्टील लवतं, ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं आणि जुनी फ्रेम तर घेऊच नको, ती वापरून वापरून मऊ पडलेली असते. या एका सल्ल्यात तीन चुका आहेत आणि त्यापायी कुणी उगाच जास्त पैसे घालवतं तर कुणी खेळाचा नादच सोडून देतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ट्रॅक सायकलला एकच गिअर, तोही फिक्स्ड, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, आणि ब्रेक नाहीत. ती धावते वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलींसाठी बांधलेल्या लंबगोल, कललेल्या ट्रॅकवर. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा ट्रॅक २५० मीटरचा असतो आणि वळणावर तो ४० अंशांपेक्षा जास्त कललेला असतो. वळणाची त्रिज्या २२ ते २५ मीटर धरली आणि ताशी ६० किलोमीटरने आत शिरलात तर सायकलवरचा भार साधारण दीडपट होतो. शिवाय जागेवरून सुटताना स्प्रिंटर पेडलवर उभा राहून हँडल ओढतो तेव्हा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक जिथे बसतो तो भाग, आळीपाळीने दोन्ही बाजूंना ढकलला जातो. त्यामुळे फ्रेम ताठ हवी ही मागणी रास्तच आहे. पण हा ताठपणा येतो कुठून?

अकरावीतला यंग्ज मॉड्युलस आठवा. पदार्थ ताणायला किंवा दाबायला किती कठीण, त्याचं ते माप. स्टीलचा साधारण २०५ गिगापास्कल, टायटॅनियमचा ११० ते ११५, ॲल्युमिनियमचा ७०. हे वाचून वाटतं स्टील तिप्पट ताठ, विषय संपला. आता घनता बघा (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर), स्टील ७.८५, टायटॅनियम ४.४, ॲल्युमिनियम २.७. मॉड्युलसला घनतेने भागा. तिघांचंही उत्तर २६ च्या आसपास येतं! म्हणजे वजनाच्या हिशोबात हे तिन्ही धातू सारखेच ताठ आहेत, कुणी कुणापेक्षा सरस नाही.

आणि यातली दुसरी गंमत मला जास्त आवडते. मॉड्युलस हा अणूंमधल्या बंधांवर ठरतो, त्यामुळे स्टीलमध्ये चिमूटभर क्रोमियम नि मॉलिब्डेनम घातल्याने किंवा ते तापवून थंड केल्याने तो जवळपास हलत नाही. साधं, स्वस्त हाय-टेन स्टील आणि महागडं क्रोमोली (हेच क्रोमियम-मॉलिब्डेनमवालं स्टील), दोघांचा ताठपणा तोच. क्रोमोली मजबूत जास्त, म्हणजे कायमचं वाकायला किंवा तुटायला जास्त जोर लागतो, म्हणून पाईप पातळ ठेवता येतो आणि वजन वाचतं. ताठपणा आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. याच कारणाने फ्रेम वय झालं म्हणून मऊ पडत नाही. कुठे तडा गेला नसेल, गंजून पाईप पातळ झाला नसेल, तर तीस वर्षं जुनी स्टीलची फ्रेम पहिल्या दिवशी होती तितकीच ताठ असते.

मग ॲल्युमिनियमच्या फ्रेम दणदणीत ताठ का लागतात? कारण त्यांचे पाईप जाड असतात, बाहेरून जाड. पातळ भिंतीच्या पाईपचं वजन त्रिज्या गुणिले भिंतीची जाडी यावर ठरतं, पण वाकण्याला विरोध मात्र त्रिज्येचा घन गुणिले जाडी या प्रमाणात वाढतो. म्हणजे वजन तेवढंच ठेवून त्रिज्या दुप्पट केली तर ताठपणा चौपट. पिळण्यालाही हेच लागू.

कागदाचा एक ताव घेऊन घट्ट सुरळी करा आणि दोन्ही टोकं धरून वाकवा, सहज वाकेल. तोच ताव सैल, रुंद नळीसारखा गुंडाळून चिकटवा, आता तो बराच विरोध करतो, पण जोर वाढवला की एकदम एका जागी चेपतो. फायदा आणि मर्यादा दोन्ही तिथेच दिसतात.

आता खरे आकडे घालू. जुन्या पद्धतीचा स्टीलचा डाउन ट्यूब, म्हणजे पुढून तिरका खाली येणारा पाईप, २८.६ मिलिमीटर व्यासाचा, भिंत ०.८ धरू. एक मीटरचं वजन येतं साधारण ५५० ग्रॅम. ॲल्युमिनियमचा ४४ मिलिमीटर व्यासाचा, भिंत दीड मिलिमीटर, त्याचं वजन ५४० ग्रॅम. म्हणजे वजन सारखंच, पण वाकण्याचा ताठपणा काढला तर ॲल्युमिनियमचा पाईप सव्वादोन पटीहून जास्त ताठ, मूळ धातू एक तृतीयांश ताठ असूनसुद्धा! स्टीललाही ४४ चा व्यास देता येईल, पण वजन तेच ठेवायचं तर भिंत अर्ध्या मिलिमीटरवर येते आणि तेवढ्या रुंद पाईपला ती कागदाच्या नळीसारखी चेपायला लागते. ॲल्युमिनियम हलकं असल्यामुळे भिंत जाड ठेवून व्यास वाढवता येतो, त्याचा खरा फायदा एवढाच आणि तो फार मोठा आहे.

आता हाडं खिळखिळी होण्याचं बघू. सीटवर बसल्यावर वजन पाईपच्या लांबीच्या दिशेने येतं, आणि सरळ दाबताना व्यासाचा संबंध नाही, फक्त धातू किती आहे ते बघायचं. अर्धा मीटर लांबीचा वरच्याच मापाचा स्टील पाईप १००० न्यूटनने, म्हणजे सुमारे शंभर किलो वजनाने दाबला तर तो ०.०३५ मिलिमीटर आखडतो. ॲल्युमिनियमचा? ०.०३६. हा फरक माणसाच्या पार्श्वभागाला कळणं शक्य नाही, खाली टायर कित्येक मिलिमीटर दबतोय आणि सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) हेही थोडे लवतायत. दणके लागत असतील तर आधी टायरची हवा बघा, रुंदी बघा.

स्टीलला आत्मा असतो असं मानणारे खूप आहेत, चांगली चांगली शिकलेली माणसं. आवड म्हणून ठीक आहे, मलाही बारीक पाईपची फ्रेम दिसायला सुंदरच वाटते, पण त्यावरून नवख्याला सल्ला देऊ नये. दुसरीकडे 'एरोस्पेस ग्रेड' असा स्टिकर लावून ६०६१ नावाचं ॲल्युमिनियम विकतात, जे बोटींपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत सगळीकडे वापरलं जातं. धातू चांगलाच आहे, पण ६०६१ वेल्ड केल्यावर जोडाशेजारची ताकद बरीच उतरते, ती परत आणायला पूर्ण फ्रेम उष्णता-प्रक्रियेतून काढावी लागते. हे केलंय का, ते स्टिकरवरून कळत नाही, विचारावं लागतं.

कार्बनचं गणित वेगळं, कारण तंतूंच्या दिशेने तो प्रचंड ताठ आणि आडवा अगदी दुबळा, त्यामुळे थर कुठल्या दिशेने रचले यावर सगळं ठरतं. म्हणून नुसतं 'कार्बन आहे' यावरून फ्रेमबद्दल काहीच कळत नाही, आणि कमी बजेटमध्ये वापरलेला कार्बन घेणं मला पटत नाही, आतली इजा बाहेरून दिसत नाही.

आणि वजन? एक किलो जादा वजन शून्यापासून ताशी ६० किलोमीटरपर्यंत न्यायला सुमारे १४० ज्यूल ऊर्जा लागते. हजार वॅट काढणाऱ्या रायडरची ही सेकंदाच्या सातव्या हिश्श्याची मेहनत. स्प्रिंटच्या फायनलला हा हिस्सा मोठा, शिकताना नाही. एकदा वेग धरला की भांडण हवेशी, तिथे लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते आणि हवेच्या अडथळ्यातला मोठा वाटा तुमच्या शरीराचा असतो, फ्रेमचा नाही. १९९३ साली स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्री या सायकलपटूने स्वतः बनवलेल्या सायकलवर एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम मोडला, ५१.५९६ किलोमीटर, आणि त्या सायकलमध्ये वॉशिंग मशीनचं बेअरिंग होतं. त्याने कमावलं ते मुख्यतः हात छातीखाली दुमडून बसण्याच्या पद्धतीतून. जपानमध्ये पुरुषांच्या नेहमीच्या व्यावसायिक केइरीन शर्यती (ट्रॅकवरच्या स्प्रिंट शर्यतींचा एक प्रकार) तर आजही स्टीलच्या फ्रेमवर होतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, नवी घ्यायची तर साधी, मापाला बरोबर बसणारी ॲल्युमिनियमची, जुनी घ्यायची तर स्टीलची, आणि उरलेले पैसे टायर आणि ट्रॅकवरच्या तासांवर. स्टीलमध्ये ताण एका मर्यादेखाली राहिला तर कितीही वेळा लवलं तरी तडा जात नाही, ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, थकवा साचत जातो. चांगले डिझायनर ताण मुळातच कमी ठेवतात म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं, पण जुन्या ॲल्युमिनियमचा प्रत्येक वेल्ड भिंगातून बघायलाच हवा.

जुनी फ्रेम बघायला गेलात तर मागचं चाक ज्या दोन टोकांमध्ये बसतं त्यांच्यातली फट मोजा, ट्रॅकला १२० मिलिमीटर असते आणि चाक मागच्या बाजूने सरकून बसतं. रोडची फ्रेम बदलून ट्रॅक म्हणून विकत असतील तर बॉटम ब्रॅकेटची उंची बघा, ट्रॅकची उंच ठेवतात, नाहीतर कललेल्या वळणावर पेडल घासतं. सायकल रस्त्यावरही चालवणार असाल तर फोर्कला ब्रेकचं भोक हवंच. हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडल नि फोर्क ज्यात बसतात त्या पुढच्या आखूड पाईपच्या मागे, डाउन ट्यूबच्या खालून बोट फिरवा, रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती फ्रेम समोरून कुठेतरी धडकलेली आहे. सीटपोस्ट ओढून काढा, निघत नसेल तर गंजाने धरलाय, निघाला तर आत टॉर्च मारून गंज बघा. मग एक दोरा मागच्या चाकाच्या एका टोकापासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासून (सीटपोस्ट ज्यात बसतो तो पाईप) दोन्हीकडचं अंतर मोजा. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त वाकडी स्टीलची फ्रेम जाणकार कारागीर न तापवता सरळ करून देतो, ॲल्युमिनियमची तशी करायला जाऊ नये, ती तिथेच ठेवून पुढची बघावी.