पार्श्वभूमी : व्हर्बिनाचा काढा नेमका कोणत्या झाडाचा?

‘व्हर्बिना टी’ची पाकिटं आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. पाकीट फोडून एक वाळलेलं पान तळहातावर चुरडावं. लिंबाचा वास आला, तर ते झाड दक्षिण अमेरिकेतलं. वास जवळपास नाहीच आणि जिभेवर कडवटपणा रेंगाळला, तर ती युरोपातली जुनी औषधी वनस्पती. नाव दोन्हींवर एकच असू शकतं. मागच्या बाजूला मात्र दोन्हींचे गुण एकत्र छापलेले असतात, आणि घरी काढा करणाऱ्याची फसगत तिथेच होते.

मुळात लॅटिनमध्ये हे एका झाडाचं नाव नव्हतंच. वेदीवर वाहायच्या डहाळ्या, मग त्या ऑलिव्हच्या असोत, लॉरेलच्या किंवा मर्टलच्या, सगळ्या ‘व्हर्बिना’. आपण ‘पत्री’ म्हणतो, अगदी तसंच. रोमन दूत तहासाठी निघाले की त्यांच्यातला एक जण कॅपिटोल टेकडीवरून मातीसकट उपटलेली पवित्र वनस्पती हातात घेऊन चालायचा. पुढे हे सामान्यनाम एकाच रोपाला, वर सांगितलेल्या कडवट औषधी वनस्पतीला, चिकटलं. पहिल्या शतकातला एक रोमन लेखक लिहितो की या रोपाने ज्युपिटरचं मेज झाडतात, घरं शुद्ध करतात, आणि ते भिजवलेलं पाणी जेवणघरात शिंपडलं की पंगत आनंदी होते अशी समजूत आहे. आज ‘दोन हजार वर्षांचा अनुभव’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला बराचसा भाग या प्रकारचा आहे. तो पूजेतला आहे, औषधातला नाही.

मध्ययुगात या रोपाला ख्रिस्ती आख्यायिका जोडली गेली. क्रूसावरच्या जखमांचं रक्त याच पाल्याने थांबवलं, अशी ती कथा. जर्मन लोक याला ‘लोखंडी झाड’ म्हणतात, चिनी वैद्यकात याचं नाव ‘घोड्याचा चाबूक’. चिनी नाव मला सगळ्यांत नेमकं वाटतं. गुडघा-कमरेएवढं रोप, चौकोनी खोड, वर चाबकाच्या वादीसारखे बारीक ताठ तुरे, आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी फिकट जांभळी फुलं. बागेत कोणी मुद्दाम लावावं असं त्यात काही नाही. 1753मध्ये याला ‘व्हर्बिना ऑफिसिनॅलिस’ हे शास्त्रीय नाव मिळालं. ‘ऑफिसिनॅलिस’ म्हणजे औषधं ठेवण्याच्या कोठीतलं.

खरा गुंता त्यानंतर सुरू झाला. 18व्या शतकाच्या उत्तरार्धात चिली, पेरू, अर्जेंटिनाकडचं एक झुडूप स्पेनमध्ये आलं. पानं लांबट, खरखरीत, पेऱ्यापेऱ्यावर बहुधा तीन-तीन, आणि नुसता हात लागला तरी लिंबाचा घमघमाट. फुलांची ठेवण पाहून अभ्यासकांनी ते व्हर्बिनाच्या जवळ बसवलं. पार्माहून स्पेनच्या राजघराण्यात सून म्हणून आलेल्या मारिया लुईसाच्या मानार्थ 1784मध्ये ‘अलोयसिया सिट्रोडोरा’ हे नाव छापलं गेलं आणि लोकांच्या तोंडी ‘लुईसाची वनस्पती’, ‘हिएर्बा लुईसा’, रुळलं. पुढे इतरांनी त्याच झुडपाला व्हर्बिना, लिपिया अशा वेगवेगळ्या गटांत टाकून नवी नावं दिली. त्यामुळे जुन्या पुस्तकांत ‘लिपिया सिट्रिओडोरा’ दिसलं तर ते वेगळं झाड समजू नये. आज पहिलंच नाव ग्राह्य धरतात, तेही मधल्या ‘इ’शिवाय, जसं छापलं होतं तसं.

गंमत म्हणजे, हे झुडूप ज्या खंडातून आलं, तिथे पेरू आणि इक्वेडोरमध्ये ‘हिएर्बा लुईसा’ म्हटलं की समोर येतो तो आपला गवती चहा! लिंबाच्या वासाच्या झुडपाला तिकडे ‘सेद्रोन’ म्हणतात. गवती चहाला आणि या झुडपाला लिंबाचा वास देणारा मुख्य घटक एकच आहे, सिट्राल. माणसं वासावर नाव ठेवतात, आणि नाव वासाच्या मागे फिरत राहतं.

फ्रान्समध्ये तर नवं झाड जुन्याच्या नावावरच बसलं. तिथे जेवणानंतर ‘वर्वेन’ (व्हर्बिनाचं फ्रेंच नाव) मागवला की येतो तो बहुतेक वेळा लिंबाच्या वासाच्या पानांचा. जुना कडू वर्वेन हवा असेल तर ‘औषधी’ असं विशेषण जोडावं लागतं. युरोपच्या अधिकृत औषधसंहितेत या दोन्ही वनस्पतींच्या नोंदी आहेत, वेगवेगळ्या, आणि दोन्हींचं लॅटिन नाव ‘व्हर्बिनी’ या शब्दानेच सुरू होतं. तिसरी व्हर्बिना म्हणजे आपल्या नर्सरीत थंडीत मिळणारी, लाल-गुलाबी-जांभळ्या झुपक्यांची. ती शोभेची आहे. तिचा काढा करू नये.

घरगुती कृतीही दोन झाडांच्या दोन. लिंबाच्या वर्वेनची पाच-सहा पानं कपात घ्यायची, उकळून खाली उतरवलेलं पाणी ओतायचं आणि लगेच झाकण ठेवायचं. पाच-सात मिनिटं पुरतात. पानं उकळत ठेवली तर वास वाफेबरोबर निघून जातो, म्हणून झाकणाकडे लक्ष द्यायचं. हा चहा जेवणानंतर, गॅसेस आणि जडपणा कमी व्हावा म्हणून, किंवा झोपण्याआधी घेतात. कडू व्हर्बिनाचा वाळलेला पाला कपाला चमचाभर घेऊन दहा मिनिटं मुरवतात आणि घोटाघोटाने पितात. ताप, मंदावलेली भूक, मनाची अस्वस्थता आणि बाळंतिणीचं दूध हे तिचे पारंपरिक उपयोग. इटलीत ताज्या पाल्याचा अंड्याच्या पांढऱ्यात लेप करून सायनस ठणकू लागला की कपाळावर बांधायची जुनी पद्धत आहे.

आता मराठी वाचकाला थेट भिडणारा भाग. आपल्या जुन्या वनस्पतिकोशांत निर्गुडीपुढे ‘कुल : व्हर्बिनेसी’, म्हणजे व्हर्बिनाचं कुटुंब, असं छापलेलं असतं. तेवढ्यावरून निर्गुडी म्हणजे देशी व्हर्बिना असा समज होतो, आणि मग युरोपातल्या पुस्तकातले गुण निर्गुडीला चिकटवले जातात. ते ‘कुल’ आता बदललं आहे आणि बदलाचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

19व्या शतकातल्या ज्या वर्गवारीवर आपली विद्यापीठं आणि हर्बेरियमं (वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह) उभी राहिली, तिच्यात व्हर्बिनेसी हे मोठं कुटुंब होतं. साग, शिवण, निर्गुडी, भारंगी, टणटणी सगळे त्यात. तुळशीचं कुटुंब शेजारचं, पण वेगळं. दोघांतली भिंत म्हणजे फुलातला एक बारकावा. तुळशीच्या फुलात कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयातून निघणारा बारीक दांडा, अंडाशयाच्या चार भागांमधून, तळापासून वर येतो. व्हर्बिनेसीत तो अंडाशयाच्या टोकावरून निघतो. 1992मध्ये काही अभ्यासकांनी ही भिंतच नाकारली. टोकावरचा कुक्षीवृंत ही दोन्ही घराण्यांच्या समाईक पूर्वजांकडून आलेली जुनी ठेवण आहे, त्यामुळे ती व्हर्बिना आणि निर्गुडी दोघांत दिसली म्हणून नातं सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तुरा पाहिला. खऱ्या व्हर्बिनाचा तुरा खालून वर फुलत जातो आणि शेंडा वाढत राहतो. निर्गुडीच्या प्रत्येक लहान झुपक्यात मधलं फूल आधी उमलतं. साग, शिवण, निर्गुडी, भारंगी तुळशीकडे गेले. टणटणी व्हर्बिनाकडेच राहिली. पुढे डीएनएच्या अभ्यासांनीही हाच कौल दिला.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून जुनीच मांडणी शिकवतात, आणि ‘पन्नास वर्षं पाठ केलेलं कशाला बदलायचं’ अशी नाराजीही ऐकू येते. माझ्या मते बदल योग्य होता. घराच्या औषधासाठी तर तो उपकारकच आहे, कारण कुळाच्या नावावरून गुण ठरवायची सवय त्याने मोडते. नाहीतर टणटणी आजही व्हर्बिनाचीच सख्खी, आणि तिचा पाला खाऊन गुरांचं यकृत बिघडतं. निर्गुडीला उसन्या प्रतिष्ठेची गरजही नाही. गणपतीच्या एकवीस पत्रींतलं सिंदुवारपत्र ते तिचं. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात तिचा पाला पडतो, सांधे आखडले की तो तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकतात, तिळाच्या तेलात तिचा रस आटवून निर्गुडी तेल होतं. यातलं जवळजवळ सगळं बाहेरून लावायचं आहे. व्हर्बिना मुख्यतः पिण्याची. इथेच दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात.

अलीकडे युरोपीय नियामकांनी लिंबाच्या वर्वेनला हलका मानसिक ताण, झोप आणि पोटातला गॅस यांसाठी ‘पारंपरिक वापर’ म्हणून मान्यता दिली. म्हणजे दीर्घ वापराच्या आधारावर. रुग्णांवरच्या चाचण्यांनी गुण सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नाही. जर्मनीत सायनससाठी मिळणाऱ्या पाच वनस्पतींच्या एका मिश्रणात कडू व्हर्बिना आहे, पण तिथेही गुण मोजला जातो तो मिश्रणाचा. गर्भाशयाचं आकुंचन वाढवण्याचा जुना लौकिक असल्याने गरोदरपणात ती टाळायला सांगतात. ‘बाळंतिणीसाठी उत्तम’ एवढंच वाचून सातव्या महिन्यापासून सुरू करू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आणखी एक गोष्ट पाकिटांवर कुठेच नसते. 1999मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर वेगवेगळे चहा देऊन शरीरात लोह किती शोषलं जातं ते मोजलं. साध्या काळ्या चहाने शोषण 79 ते 94 टक्क्यांनी घटलं, आणि ‘कॅफिन नाही, म्हणून निर्धोक’ समजल्या जाणाऱ्या कडू व्हर्बिनाच्या चहाने 59 टक्क्यांनी. ज्यांचं हिमोग्लोबिन मुळात कमी आहे, त्यांनी हा चहा जेवणाला लागून घेऊ नये. दोन जेवणांच्या मधे, तासा-दीड तासाचं अंतर ठेवून घ्यावा.