केंद्र की विभाग? बडोद्यातून दिसणारी स्त्री-अभ्यासाची पार्श्वभूमी

बडोद्यात स्त्री-अभ्यासाचा विषय निघाला की गाडी लगेच सयाजीराव महाराजांवर जाते. १८९३ साली अमरेलीकडची सक्तीची शाळा, १९०४चा बालविवाहाविरुद्धचा कायदा, १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण, १९३१चा घटस्फोटाचा कायदा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत ही यादी तोंडपाठ असते, म्हणून ती इथे लांबवत नाही. त्यातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. १९०६च्या कायद्यात मुलग्यांना सात ते बारा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती, मुलींना दहापर्यंतच. मुलींची ही दोन वर्षं कुठे गेली, हा विद्यापीठात अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे मान्य व्हायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली.

१९४९ साली इथलं विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा कुलगुरुपदावर एक बाई होत्या, हंसा मेहता. मुलं-मुली एकत्र शिकणाऱ्या विद्यापीठात देशात हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याच सुमारास गृहविज्ञानाची स्वतंत्र फॅकल्टी निघाली आणि तिने पुढे नावही कमावलं. स्त्री-अभ्यास हे तिचंच पुढचं पाऊल, असं गावात बरेच जण मानतात. ते पटण्यासारखं नाही. घरातला आहार, मुलांची वाढ, खर्चाचा मेळ नीट कसा बसवावा हे गृहविज्ञानाने शिकवलं. ते सगळं एकाच माणसाच्या गळ्यात का पडतं आणि जनगणनेत ती बाई ‘काम न करणारी’ का ठरते, हे विचारणारी माणसं दुसरीकडून आली.

ती आली १९७०च्या दशकातून. स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घ्यायला केंद्र सरकारने १९७१ साली समिती नेमली. तिचा अहवाल १९७४च्या अखेरीस तयार झाला आणि वाचणारे हबकले. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० उरल्या होत्या. समाजशास्त्र, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांनी हे आकडे आयुष्यभर हाताळले होते, पण त्यांतून हा प्रश्न कोणी उभा केला नव्हता. मुंबईच्या महिला विद्यापीठात १९७४ सालीच संशोधन केंद्र निघालं, १९८१ साली तिथेच पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि वर्षभरात अभ्यासकांची संघटनाही झाली.

मग १९८६चं शैक्षणिक धोरण आलं आणि त्याच्या पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाची मदत. बडोद्याचं केंद्रही याच लाटेतलं. आजच्या बहुतेक अडचणींचं मूळ तेव्हाच्या एका निर्णयात आहे: विद्यापीठांत स्त्री-अभ्यासाची ‘केंद्रं’ काढायची, ‘विभाग’ नाहीत.

त्यामागचा विचार पोकळ नव्हता. वेगळा विभाग काढला की बाकीचे विभाग हात झटकणार. ‘बायकांचं ते तिकडे’ म्हणून इतिहास आणि कायदा पुन्हा पूर्वीसारखेच शिकवले जाणार. त्यापेक्षा केंद्राने सगळ्या विभागांत शिरावं, त्यांचे अभ्यासक्रम बदलायला लावावेत, वस्त्यांत आणि गावांत जाऊन काम करावं. चळवळीतून आलेल्या बायकांना हे जवळचं वाटलं. विद्यापीठाच्या चौकटीत बंद होण्याची त्यांना धास्ती होती. उलट बाजूचं म्हणणं रोखठोक होतं: विद्यापीठात ज्याला पदं नाहीत आणि पदवी नाही, त्याला कोणी विचारत नाही.

माझ्या मते दुसरी बाजू खरी ठरली, आणि तेही हिशेबाच्या वहीमुळे. केंद्रांचा पैसा पंचवार्षिक योजनेच्या खात्यातला. योजना संपली की मूल्यमापन, मग मुदतवाढीचं पत्र, तोवर पगार अडकलेले. पदं पुढे विद्यापीठांनी आपल्याकडे घ्यावीत अशी अपेक्षा होती. अनेक ठिकाणी ती घेतली गेली नाहीत. दहाव्या योजनेत केंद्रांच्या नावात ‘कुटुंब’ घालण्याचाही घाट घातला गेला. अभ्यासकांनी कडाडून विरोध केला तेव्हा कुठे तो मागे पडला.

मार्च २०१७मध्ये बारावी योजना संपली आणि तेरावी आलीच नाही. योजनेतला खर्च आणि योजनेबाहेरचा खर्च हा भेदच अर्थसंकल्पातून गेला होता. देशभरातल्या दीडशेहून जास्त केंद्रांना कळलं की पैसा ३० सप्टेंबरपर्यंतच. आरडाओरडा झाल्यावर मुदत मार्च २०१८पर्यंत सरकली. तीस वर्षं चाललेलं काम सहा-सहा महिन्यांच्या पत्रांवर आलं. कायम पदं असलेल्या विभागाला एवढ्या सहज असं पत्र गेलं नसतं.

शिकणाऱ्यांना याचा चटका बसतो तो नोकरी शोधताना. एमए करायचं तर बडोद्याच्या मुली बहुधा मुंबई-पुण्याची वाट धरतात. नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे त्या परीक्षा उत्तीर्णही होतात. मग समाजशास्त्राच्या जागेची जाहिरात निघते. पात्रतेत लिहिलेलं असतं ‘संबंधित किंवा संलग्न विषयातली पदव्युत्तर पदवी’. स्त्री-अभ्यास संलग्न धरायचा की नाही, हे त्या त्या छाननी समितीवर असतं. एका विद्यापीठात चाललेला अर्ज दुसऱ्या विद्यापीठात पहिल्याच फेरीत बाद होतो.