रिकाम्या सापळ्यासाठी वीज कशाला?

गुलाबी बोंडअळीचा नियम खान्देशातल्या कापूसवाल्यांना पाठ आहे: मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री 8 किंवा जास्त नर पतंग सापडले, की फवारणीचं बघायचं. पण चोपडा-अमळनेरच्या शिवारात रोज सकाळी बांधाबांधाने फिरून पतंग मोजणार कोण? मोजणी राहते, अळी बोंडात शिरते, आणि मग औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

सापळ्यातच बसवलेला कॅमेरा ही मोजणी करू शकतो. अडचण आहे ती सेलची आणि मेमरीतल्या जागेची. अशा यंत्रातल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे त्याच्या चिमुकल्या संगणक-चिपला, कामाची मेमरी मिळते 256 किलोबाइटच्या आसपास. म्हणून चित्र थराथराने तपासून पतंग ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कचे गुणक, म्हणजे त्याने शिकून ठरवलेले आकडे, 32 बिटांऐवजी 8 बिटांत साठवतात. अडीच लाख गुणकांना 1 मेगाबाइट लागायचा, तिथे पाव मेगाबाइट पुरतो. ओळखण्यात फरक सहसा थोडाच पडतो.

खरा खर्च मात्र वेगळ्याच जागी आहे. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी 2014 मध्ये मांडलेल्या हिशोबात, 45 नॅनोमीटरच्या चिपवर 32 बिटांच्या एका दशांशी गुणाकाराला सुमारे 3.7 पिकोज्यूल ऊर्जा लागते, आणि तेवढाच आकडा बाहेरच्या डीरॅम मेमरीतून आणायला 640! निंदणीपेक्षा शेतापर्यंतची पायपीटच जड, तसं हे. त्यामुळे मला सगळ्यात मोलाची वाटते ती काम टाळण्याची युक्ती. नेटवर्कमध्ये मध्येच बाहेर पडायच्या वाटा ठेवतात. सापळा रिकामाच आहे अशी नेटवर्कला पुरेशी खात्री झाली, तर पहिल्या काही थरांतच उत्तर मिळतं, पुढचे गुणक मेमरीतून उचलावेच लागत नाहीत. पतंग एकमेकांवर चिकटलेले असले, पंख झडलेले असले, तरच सगळे थर चालवायचे.

भिंगावर धूळ बसली की कार्यशाळेत शिकलेलं नेटवर्क चुकू लागतं. शेतातच त्याला पुन्हा शिकवायचं, तर मधल्या प्रत्येक थराचे आकडे साठवावे लागतात, आणि तेवढी मेमरी नसते. म्हणून फक्त शेवटचा थर बदलतात. तेवढ्यानेही बरंच सावरतं, पण त्यासाठी कुणीतरी अधूनमधून खरी मोजणी करून द्यावी लागते.

आणि 'पुरेशी खात्री' किती, हा आकडा ठरवताना फार जपायला हवं. तो सैल ठेवला तर सेल टिकतो, पण पतंग निसटतात. सापळ्यात एखादाच पतंग असेल तेव्हा घाईचं उत्तर चालेल. मोजणी 7 की 8 यावर आली, की यंत्राने सगळे थर चालवावेत, सेल कितीही उतरलेला असो.