आडनावं आली कुठून? हुद्दा, गाव, टोपणनाव आणि सरकारी रजिस्टर

पहिल्या बाजीरावांचं आडनाव पेशवे नव्हतं, भट होतं, घराणं मूळचं श्रीवर्धनचं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांचा शिक्का कधी नीट वाचलाय का? 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. यात भट कुठेच नाही. राजाचं नाव आहे, स्वतःचं आहे, बल्लाळ म्हणजे बाळाजी, म्हणजे वडिलांचं आहे, आणि शेवटी हुद्दा. एवढ्यावर अख्ख्या राज्याचा कारभार चालायचा, आडनावावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. नाना फडणवीसांचं तसंच, ते बाळाजी जनार्दन भानू, पण 'भानू' म्हटलं तर आज दहातल्या नऊ जणांना कळणारसुद्धा नाही कुणाबद्दल चाललंय.

माझं मत सरळ सांगतो. आडनाव ही गोष्ट ते लावणाऱ्याला फारशी लागतच नव्हती, ती लागायची दुसऱ्याला. महसूल गोळा करणाऱ्याला, दूरच्या गावातल्या शेजाऱ्याला, नंतर इंग्रजांच्या कारकुनाला. स्वतःच्या गावात 'बोल्होबाचा तुका' एवढं पुरतं.

खूप मागे गेलं तर सातवाहन राजे आईच्या गोत्रावरून ओळख सांगताना दिसतात, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी वगैरे. कार्ल्याच्या लेण्यात ज्यांनी दान दिलं त्यांची नावं खांबांवर, दारांवर कोरलेली आहेत, तिथे धेनुकाकट या गावाचं नाव परत परत येतं, आणि सोबत धंदा, म्हणजे धेनुकाकटचा अमुक, गंध विकणारा. म्हणजे बघा, गाव, धंदा, आईबाप, हा सगळा माल दोन हजार वर्षांपूर्वीपण हाच होता. फरक एवढाच की तो पोराला वारशात मिळेलच असं नव्हतं, पोरगा दुसऱ्या गावाला गेला, दुसरा धंदा धरला की ओळख बदलली. संतांच्या काळातही तेच, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. तुकारामांचं घराणं आंबिले, कूळ मोरे, म्हणजे दोन दोन थर, आणि अभंगात सही मात्र नुसती 'तुका म्हणे'.

आता खरी गंमत सुरू होते ती वतनांपासून. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मग मराठेशाही, राज्यं बदलली तरी खालची यंत्रणा साधारण तीच राहिली. गावचा मुख्य पाटील, त्याचा हिशोब ठेवणारा कुलकर्णी. परगण्याचा, म्हणजे अनेक गावांच्या गटाचा, मुख्य देशमुख, त्याचे कागद देशपांडेंकडे. दक्षिण कोकणात आणि घाटाखाली देसाई, खोत, कर्नाटकाच्या बाजूला नाडगौडा आणि नाडकर्णी. ही पदं वंशपरंपरागत, त्यात इनाम जमीन, मानपान, हक्काचं धान्य, आणि भाऊबंदकीत त्याची वाटणीसुद्धा व्हायची. मग माणूस 'पाटील' हे नाव सोडेल कशाला? नाव सोडलं म्हणजे हक्क सोडला. वतनाच्या भांडणांचे निवाडे, महजर म्हणजे सभेत झालेल्या निकालाचे कागद वाचले की कळतं लोक यासाठी पिढ्यानपिढ्या भांडलेत, डोकी फुटलीत. म्हणूनच ही आडनावं इतकी घट्ट चिकटली आणि इतकी कॉमन झाली, कारण गाव तिथे पाटील, मग तो मराठा असो, लिंगायत, जैन, आगरी, कोळी नाहीतर मुसलमान. पाटील ऐकून जात ओळखली म्हणणारे लोक थापा मारतात.

आणि ती वतनं कधीच गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने रद्द झाली, कनिष्ठ गावकामगार वतनं 1958 च्या, आणि मुलकी पाटलांची 1962 च्या. कुलकर्ण्यांचं काम तलाठ्याकडे गेलं. खातं गेलं, पगार गेला, पाटी राहिली.

दरबारी हुद्द्यांचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा, त्याचं आपल्याकडे नीस झालं. चिटणीस पत्रव्यवहार बघणार, फडणवीस हिशोबाचे कागद, वाकनीस रोजच्या घडामोडींची टिपणं, पोतनीस खजिना, पारसनीस फारसीतला पत्रव्यवहार, कारखानीस कारखान्यांचा म्हणजे सरकारी कोठारांचा जमाखर्च. तसंच शेवटी दार लागलं की तो ती गोष्ट सांभाळणारा, इनामदार, जहागीरदार, किल्लेदार, दफ्तरदार, पोतदार, मुजुमदार. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत. पण लोकांनी काय केलं, दोन्ही ठेवले. आज डबीर आडनावाचे लोकही आहेत आणि सुमंत आडनावाचेही, पद एकच, एक फारसी एक संस्कृत. पुढे औंधला किन्हईच्या कुलकर्ण्यांचे पंतप्रतिनिधी झाले आणि तेच आडनाव होऊन बसलं. म्हणजे आज कुणी जनरल मॅनेजर असेल आणि त्याच्या पणतूचं आडनाव 'मॅनेजर' व्हावं, तसं झालं हे. पारशांमध्ये तर इंजिनिअर, डॉक्टर, कॉन्ट्रॅक्टर अशी आडनावं खरोखरच झाली, त्यामुळे हसण्यात अर्थ नाही.

आता 'कर'. हा सगळ्यात मराठी वाटणारा शेवट. चिपळूणकर, जुन्नरकर, पैठणकर, पुणतांबेकर. यात एक साधी गोष्ट असते जी लोक विसरतात, की गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कुणी लावत नाही. पैठणात सगळेच पैठणचे, तिथे पैठणकर म्हणून कुणाला हाक मारणार? गाव सोडून दुसरीकडे गेलेल्यालाच ते नाव पडतं. म्हणजे 'कर' हे गावाचं कमी आणि गाव सुटल्याचं जास्त रेकॉर्ड आहे. होळकरांचं होळ हे नीरेकाठचं गाव, निंबाळकरांचं फलटणजवळचं निंबळक, आणि निंबाळकर स्वतःचं मूळ कूळ पवार सांगतात. महात्मा फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, मूळ आडनाव गोऱ्हे, पुण्यात आल्यावर फुलांचा धंदा केला, पेशव्यांकडे फुलं पुरवली, झाले फुले. यात गाव मागे पडलं, धंदा वर आला. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून शाळेत आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. दीनानाथांच्या घरचं आडनाव हर्डीकर, वडील मंगेशीच्या देवळात अभिषेक करायचे म्हणून अभिषेकीसुद्धा, पण त्यांनी स्वतः गावावरून मंगेशकर घेतलं. एका घरात तीन आडनावं, आणि तिन्ही खरी!

हा 'कर' काही हिंदूंची मक्तेदारी नाही बरं का. कोकणी मुसलमानांत तो आहे, आणि अलिबाग-पेण भागातल्या बेने इस्रायली ज्यूंमध्ये तर गावागावाचा नकाशाच सापडतो, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. वसईच्या ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात मात्र धर्मांतरानंतर पोर्तुगीज आडनावं आली, फर्नांडिस, लोपीस, डिसूझा. इकडे पूर्व विदर्भात आणि नांदेडकडे शेवट 'वार', मुनगंटीवार, वडेट्टीवार, गुंडेवार, हा तेलुगूतल्या 'वारु'चा शेजार. आडनावांवरून भाषेची सीमारेषा जेवढी नीट कळते तेवढी प्रांतरचनेच्या नकाशावरून कळत नाही.

टोपणनावांचा वर्ग सगळ्यात खतरनाक. काळे, गोरे, ढवळे, टकले, बोबडे, लंगडे, आंधळे, कोणे एके काळी गावाने एका माणसाला चिडवलं आणि पुढच्या पन्नास पिढ्यांनी ते भोगलं. पाचपुते, सातपुते हे घरातल्या पोरांची संख्या सांगतात. गोडबोले, शहाणे, सहस्रबुद्धे यांचं नशीब बरं. प्राण्यांची यादी तर संपत नाही, वाघ, वाघमारे, कोल्हे, लांडगे, बोके, गाढवे, डुकरे, गरुड, कावळे. खाण्यात दहीभाते, साखरे, तुपे. यातल्या प्रत्येकाची एक आख्यायिका असते, मूळपुरुषाने वाघ मारला वगैरे, आणि ती बहुतेक वेळा आडनावानंतर रचलेली असते असं मला वाटतं. घोरपड्यांची सगळ्यात प्रसिद्ध, मूळचे भोसले, घोरपड लावून किल्ला चढले म्हणून घोरपडे. घोरपडीचा दोर करून माणूस भिंत चढतो की नाही यावर वाद घालू नका, घराण्याला ते नाव मानाचं वाटलं हे महत्त्वाचं.

आणि दिसतं तसं नसतं हे इथे फार लागू पडतं. मोरे म्हटलं की मोर आठवतो, पण घराणी ते मौर्यांशी जोडतात. कदम कदंबांशी, साळुंखे-चाळके चालुक्यांशी, शेलार शिलाहारांशी, जाधव देवगिरीच्या यादवांशी. शब्द म्हणून ही जुळणी बऱ्यापैकी बसते, पण शब्द जुळला म्हणून रक्तही जुळलं असं होत नाही, राजाच्या पदरी असलेल्या माणसानेही राजाचं कुळनाव लावलेलं असू शकतं. म्हणून तर शिंदे, पवार, जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावं मराठ्यांतही आहेत, दलितांतही आहेत आणि इतर कितीतरी जातींत आहेत. वझे हे नाव ओझ्याशी जोडू नका, ते उपाध्यायचं झिजलेलं रूप मानतात, आणि जोशी म्हणजे ज्योतिषी.

मग हे सगळं गोठलं कधी? इंग्रजांच्या काळात. त्याआधी मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक' किंवा 'वल्लद' असं चालायचं, अरबी पद्धत, मराठी माणसाच्या नावात. 1836 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीच्या मोजणीची नवीन पद्धत सुरू केली, ती पुढे सगळीकडे गेली, प्रत्येक सर्व्हे नंबरला एक खातेदार, त्याच्याकडून सारा थेट सरकारला. त्यात शाळेचं हजेरीपुस्तक, गिरणीचं मस्टर, पलटणीची नोंद, कोर्टाचे दावे, सगळीकडे कॉलम आला. मास्तरने जे लिहिलं ते कायम. कुणी गावाचं नाव सांगितलं, कुणी कुळाचं, कुणी धंद्याचं, त्यामुळे सख्खे चुलतभाऊ दोन वेगळ्या आडनावांनी फिरताना दिसतात. इंग्रजी स्पेलिंगने वेगळाच घोळ घातला, शिंद्यांचं इंग्रजांनी जे काही केलं ते हिंदीत परत येताना सिंधिया झालं, महादजींना मराठीत शिंदेच म्हणतात पण ग्वाल्हेरचं घराणं सिंधिया.

बायकांचा हिशोब यात कुठेच नाही हे लक्षात आलं असेलच. वडिलांचं आडनाव, मग नवऱ्याचं, आपल्याकडे तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायची रीत. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये निर्णय घेतला की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असेल. आडनाव मात्र शेवटी तेच.

स्वतःच्या घराण्याचं शोधायचं असेल तर इंटरनेटवरच्या 'तुमच्या आडनावाचा अर्थ' टाइप लिस्टवर जाऊ नका, तिथे सगळेच राजे असतात. घरात मोडी कागद असतील तर ते वाचून घ्या, जुने सातबारा आणि फेरफार काढा, आणि त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गयेच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, तिथे गावावरून आणि कुळावरून शोधतात. आजोबा-पणजोबा तिथे गेले असतील तर त्यांच्या हातची सही, मूळ गाव, भावांची नावं मिळतात, आणि कधी कधी उपनावाच्या जागी भलतंच काहीतरी लिहिलेलं निघतं जे घरात आज कुणालाच माहीत नसतं.