शोची वेणी वेगळी, केस वाढवायची वेणी वेगळी

घोड्याची आयाळ वाढवायचीय, शेपूट लांब करायचीय असं कुणी म्हटलं की हमखास शोच्या, म्हणजे प्रदर्शनात-स्पर्धेत उतरवलेल्या घोड्याचा फोटो दाखवला जातो, मानेवर ओळीने बसवलेले वेण्यांचे गोळे, शेपटीला अगदी वरपासून घातलेली सागरवेणी, आणि वर सल्ला की अशी घाला आणि महिनाभर हात लावू नका. अरे बाबांनो, ती वेणी एका दिवसाची असते!

शोची वेणी बहुतेकांनी पाहिलेली, घातलेलीही असते. केस ओले करायचे नाहीतर जेल लावायचं, घट्ट विणायचं, दोऱ्याने शिवून गोळा करायचा, रिंगणातून बाहेर आलं की सोडायचं. तिचं काम घोड्याची मान उठून दिसावी एवढंच. गोळे नीट बसावेत म्हणून आयाळ आधी विरळ करून दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत आखूड केलेली असते, म्हणजे केस वाढवायला निघालेल्या माणसाने ही वेणी घालणं हे मुळातच उलटं काम. शोची वेणी आणि केस सांभाळायची वेणी, दोन्हींत तीनच पेड असतात, रबरबँड कुठला, लोकर की दोरा, हे फरक किरकोळ आहेत, त्यावर वाद घालत बसू नका.

खरा घोळ होतो तो वेणी कुठून सुरू करायची आणि ताण कुणावर येतो यात.

शोच्या वेणीत ताण थेट मुळांवर असतो, तसा तो हवाच असतो, नाहीतर गोळा ढिला पडतो. सांभाळायच्या वेणीत मुळांवर शून्य ताण पाहिजे. आयाळीच्या सहा-सात किंवा जास्त मोकळ्या वेण्या घाला, पण विणताना पहिले दोन-तीन वळसे इतके सैल घ्या की वेणी मुळाशी नुसती लोंबली पाहिजे. कारण घोडा दिवसातले कितीतरी तास मान खाली घालून चरतो, मान खाली गेली की वरची बाजू ताणली जाते, आणि उभ्या घोड्याला जी वेणी बरोब्बर वाटत होती तीच आता केस उपटायला लागते. म्हणून वेणी झाली की चारा जमिनीवर टाका आणि तो खात असताना मुळाशी बघा. कातडी बारीक उचललेली दिसली, केसांच्या बुडाशी पुरळासारखे टिपके आले, की ती वेणी सोडायची, "उद्या बघू" नाही. आपण घट्ट अंबाडा बांधून झोपलो तर सकाळी डोकं ठणकतं तसंच, फक्त त्याला सांगता येत नाही, तो मग मान खांबावर घासतो आणि महिन्यांची वाढ एका दुपारी खांबाला चिकटते.

शेपटीला तर हा नियम दुप्पट कडक. शेपटीत वरच्या भागात हाड असतं, साधारण 15 ते 21 मणके. शेपूट हातात धरून वरून खाली चाचपत या, आतला कडक दांडा जिथे संपतो आणि हाताला नुसते केस लागतात, तिथून तीन-चार बोटं खाली वेणी सुरू करायची. त्याच्या वर काहीही नाही, रबरबँड नाही, पट्टी नाही, वेणी झाकायला घालतात त्या पिशवीची नाडीसुद्धा नाही. सागरवेणी हाडावरूनच येते, म्हणून ती काही तासांपुरतीच. हाडाभोवती घट्ट आवळलेलं काही रात्रभर राहिलं तर रक्तपुरवठा अडतो, मग केस झडतात, कधी तिथे पांढरे उगवतात, आणि फारच आवळलं असेल तर शेपटीचा तुकडाच मरतो. हे घाबरवायला सांगत नाही, खरंच होतं. शेपटीची पिशवी वापरायची असेल तर तिची नाडी वेणीच्याच पेडांतून ओवून बांधा, हाडाला वेढा देऊन नाही.

आणि वेणीने केस "वाढतात" हे बोलणं आता बंद करा. केस मुळातून वाढतो, महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर, आणि ते खाण्यावर, तब्येतीवर, जातीवर ठरतं. वेणी फक्त टोकं तुटू देत नाही, काटेरी झुडपात अडकणं, गुंता होणं, दुसऱ्या घोड्याने चावणं हे कमी होतं, म्हणून केस लांब झालेले दिसतात. खाण्यात प्रथिनं, तांबं, जस्त कमी असेल तर जगातली कुठलीही वेणी काही करणार नाही.

केस पूर्ण कोरडे झाल्यावरच विणा, ओल्या वेणीत आतून कुबट वास आणि बुरशी येते. आयाळ आठवड्या-दोन आठवड्यांनी सोडायची, बोटांनी मोकळी करायची, मग पुन्हा घालायची. कंगवा वरून खाली ओढणाऱ्यांना मी आयाळीजवळ फिरकू देत नाही, टोकाकडून सुरू करा, वर जात जा. कपाळावरची बट एका सैल वेणीत भागते, खूप लांब असेल तरच.

माश्यांच्या दिवसांत शेपूट पूर्ण बांधून घोडा मोकळ्यावर सोडू नका, माश्या हाकलायला त्याच्याकडे दुसरं काय आहे? तेव्हा शेपूट सोडा आणि तुटणारे केस तुटू द्या, मला घोड्याची सोय जास्त महत्त्वाची वाटते.

घोडा आधीच शेपटीचं बूड किंवा आयाळ घासत असेल तर वेणी हा उपाय नव्हेच. बऱ्याचदा बारीक चावऱ्या माश्यांची अ‍ॅलर्जी असते, नाहीतर गुदद्वाराशी अंडी घालणारे जंत असतात. आधी डॉक्टरला दाखवा, खाज थांबली की मग विणायला घ्या.